पहिल्या घाण्याची प्रार्थना

डिसेंबरात शेजारून नारळाच्या दुधातल्या, फुलाच्या साच्याने करतात त्या गुलाबकुकीज तळल्याचा वास आला, की मला ती दुपार आठवते आणि अजून चिडायला होतं. नजरबादला आमच्या शेजारणीच्या अंगणात नाताळाआधी त्यांच्या चर्चच्या बायका तळायला जमायच्या, मीही मदतीला असायचे, आणि पहिल्या घाण्याआधी पाद्री प्रार्थना करायचे. त्या वर्षी शेजारणीचा मुलगा पाद्री व्हायचं शिक्षण संपवून आलेला, पण आपल्याला पुरुषच आवडतात हे त्याने उघड सांगितलेलं. त्याला दीक्षा द्यावी की नाही, यावरून चर्चमध्ये दोन तट पडले होते. कुणाची बाजू घ्यायला नको म्हणून पाद्री आलेच नाहीत. त्याच्या बाजूच्या बायका चुलीपाशी, विरोधातल्या फाटकापाशी, आणि नुसती भांडणं! "अय्यो, तेल पेटेल आता! तूच कर रे बाबा प्रार्थना," मी शेजारणीच्या मुलाकडे बघून ओरडले. "मावशी, माझी चालेल यांना?" तो हसत म्हणाला. त्याने डोळे मिटले तसे सवयीने सगळ्यांचेच मिटले, आणि शेवटचं "आमेन" फाटकाकडूनच सर्वांत मोठ्याने आलं. रविवारी चर्चमधल्या मतदानात त्याच बायकांनी त्याच्याविरुद्ध हात वर केले. दीक्षा अजून नाहीच. तो हिनकलच्या शाळेत शिकवतो. पहिल्या घाण्याची प्रार्थना मात्र दरवर्षी त्यालाच करायला लावतात, आणि आमेन म्हणून डबे भरून नेतात.