हळदीतली काडतुसं

सानपाड्यातल्या आमच्या घरमालकीण जनाकाकी दसऱ्याला बंदुकीची पूजा करायच्या, पण काडतुसांना हळदकुंकू लावू द्यायच्या नाहीत. बंदूक सासऱ्यांची, बारा बोअरची. शेतं होती तेव्हा रानडुकरांसाठी घेतलेली. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, डुकरं गेली, परवाना राहिला. काडतुसाच्या पितळी बुडावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर काकी चष्मा लावून पुन्हा पुन्हा ताडून बघायच्या. मी हसलो की म्हणायच्या, "बसली म्हंजी जुलली, आसं नाय." भाडेकरू असो की कुकरचं झाकण, सगळ्यांना त्या हेच माप लावत.

त्या वर्षी त्यांच्या मुलाने, दीपकने, कुणा ओळखीच्याकडून थोडी काडतुसं आणली. ती वीस बोअरची, म्हणजे आकडा मोठा पण काडतूस जरा बारीक; रंगाने पिवळी, घरातली लाल. दोन्ही एकाच ताटात पडली आणि काकी आत नैवेद्याचं बघत असताना दीपकने उत्साहात सगळ्या काडतुसांना हळद फासली. रंग गेला, नंबरही गेला.

पूजा झाली की खाडीकडे तोंड करून एक बार काढायची त्यांच्याकडे पद्धत. कायद्यात बसणारी नव्हे, पण गावाला कोण सांगणार! दीपकने घोडा ओढला. नुसताच टक् आवाज. त्याने बंदूक उघडून पाहिली, तर काडतुसाची जागा रिकामी. भरायचंच राहिलं असं समजून त्याने हसत दुसरं भरलं. मीही हसलो.

तो टक् ऐकून काकी ओल्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. भरलेलं काडतूस काढून त्यांनी मागच्या बाजूने नळीत पाहिलं, मग मला दाखवलं. आरपार आभाळ दिसायला हवं होतं, काळोख होता. पहिलं बारीक काडतूस पुढे सरकून नळीत अडकलं होतं. मागचं उडालं असतं तर नळी दीपकच्या हातातच फुटली असती.

सण संपताच काकींनी बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा केली. दीपक चिडला, आजोबांची तेवढीच आठवण उरली होती.

काकी म्हणाल्या, "आठवन गेली तं जावदे. तुजं हात मना पायजेत."

गेल्या वर्षी काकी गेल्या. तिरडीला पहिला हात दीपकने घातला. लोक रडत होते, आणि मी बावळटासारखा त्याच्या हातांकडेच बघत राहिलो.