हिलीच्या थडग्याची गोलाई

मला माणसं माफ करायला जमत नाही, हे आधीच सांगते.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यात आमचा भिंतींना दगड बसवण्याचा, म्हणजे क्लॅडिंगचा कारखाना आहे. तिथं मी ज्युनिअर इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील पाथरवट, विहिरी बांधतात. बायोडेटात मी ते लिहिलं होतं, लपवण्यासारखं काहीच नाही म्हणून. आमचे डिझाइन मॅनेजर पुण्याचे, घरात तीन पिढ्या इंजिनिअर. ऑफिसच्या दिवाळीच्या जेवणात, सगळ्यांच्या बायकामुलांसमोर, त्यांनी माझी ओळख करून दिली, "ही आपली नवी इंजिनिअर. वडील गावाकडे दगड फोडतात, हिला तेच एसीत बसून करायचंय."

सगळे हसले. मीही हसले. पानात बासुंदी वाढून घेतली आणि मनात म्हटलं, तुम्हाला दगडातलं काही कळत नाही, हे एक दिवस असंच चारचौघांत दाखवीन.

दोन वर्षं थांबले.

मग अल ऐनच्या एका बाईंचं काम आलं. बाई तिथल्याच, अरब. त्यांना मजलिसला, म्हणजे घरातल्या पाहुण्यांच्या बैठकीला, गोल भिंत हवी होती. त्यांच्या गावाजवळ हिली म्हणून जागा आहे, तिथल्या जुन्या थडग्यासारखी. एका शनिवारी सकाळी त्यांनी आम्हाला, म्हणजे मॅनेजर सरांना आणि मला, थडग्यापाशीच बोलावलं.

बागेतल्या मोकळ्या जागेत ते एकटंच उभं आहे. गोल, छत कधीच गेलेलं. समोरासमोर दोन दारं, वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही इतकी लहान. दारावर दोन माणसं आणि लांब शिंगांची हरणं कोरलेली. दगडाला दगड नुसता भिडलेला, मध्ये चुना दिसत नाही. चारेक हजार वर्षांपूर्वीचं काम. पडलेले दगड आताच्या लोकांनी शोधून पुन्हा रचलेत.

"कुणातरी मोठ्या राजाचं असणार," सर बाईंना इंग्रजीत म्हणाले.

"राजाबिजा नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या वस्तीचं आहे. कुणी गेलं की इथं आणायचे, आधीच्यांच्या शेजारी ठेवायचे."

त्या फोनवर बोलायला बाजूला गेल्या. मी भिंतीला गाल लागेल इतकी जवळ गेले, एक डोळा मिटला आणि दगडाच्या अंगावरून नजर सोडली. वडील असंच बघतात. प्रत्येक दगड बाहेरून किंचित फुगीर घडवलेला होता. विहिरीत हीच गोलाई आतल्या बाजूला, खोलगट असते. जमिनीतून वर काढून उलटी केलेली विहीरच ती. घडवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण त्याचा हात मला ओळखता आला.

सरांच्या ड्रॉइंगमध्ये सगळे दगड सपाट होते.

"सर, दर्शनी बाजू सपाट नाहीये. गोलाई आहे."

"एवढ्या मोठ्या वर्तुळात कुणाला कळतंय? सपाट कापू. मशीनवर पटापट होईल."

"उन्हात कळेल. सांध्यासांध्याला कोपरे दिसतील."

"वडिलांना विचारून आलीस का?"

"नाही. मग ड्रॉइंगवर तसं लिहून सही करता का, सर? मिस्त्रींना द्यायला बरं."

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून 'फ्लॅट फेस' लिहिलं आणि झोकात सही ठोकली. मी पुन्हा समजावलं नाही. समजावता आलं असतं.

तीन आठवड्यांनी कारखान्याच्या अंगणात नमुन्याची भिंत उभी राहिली. बाई सकाळी आल्या, ऊन तिरपं होतं. भिंत बोल्टवरच्या नटासारखी कोनाकोनांची दिसत होती.

"ही माझी भिंत नाही," बाई म्हणाल्या.

सर लगेच आमच्या राजस्थानी मिस्त्रींकडे वळले. "कटिंग में गड़बड़ कर दी आपने."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "मैडम, गोलाई नहीं देनी?" आणि मी म्हटलं होतं, "सर का ऑर्डर है." तीन आठवडे तो म्हातारा माझ्या सुडापायी धूळ खात होता. त्याचं मला वाईट वाटलं. सरांचं वाटलं नाही. ड्रॉइंग मी सकाळपासून काखेत घेऊनच उभी होते. ते उलगडून बाईंच्या हातात दिलं.

"मिस्त्रींनी सांगितलं तेच कापलं. ही सूचना, ही सही."

बाईंनी सही वाचली, सरांकडे पाहिलं, मग मला विचारलं, "बरोबर कसं करायचं, येतं तुला?"

"येतं. माझे वडील विहिरी बांधतात."

"यल्ला, दाखव मग."

आधी जमिनीवर खऱ्या मापाचा कंस काढायचा, मग त्यावरून लाकडी फळीचा फर्मा कापायचा. तो फर्मा लावून दगड घडवायचा. मी सुतळी आणि खडू मागवला. मधल्या खुणेवर सुतळीचं टोक कुणीतरी दाबून धरायला हवं होतं. मिस्त्री पुढे झाले.

"मिस्त्रीजी, आप रहने दीजिए. सर पकड़ेंगे."

कारखान्यातली कामं थांबली होती, सगळे बघत होते. बाईही बघत होत्या. सर पँट वर ओढून उकिडवे बसले आणि अंगठ्याखाली सुतळी दाबली.

"ढिली सोडू नका, सर. हललात तर पुन्हा काढावं लागेल."

"धरलंय," ते खाली बघूनच म्हणाले.

ऊन चढत होतं. फर्म्याला हातभर कंस पुरला असता. मी त्यांच्याभोवती पूर्ण वर्तुळ काढलं, सावकाश.