ताटांचा नकाशा

हात समोर ताठ धरायचा, बोटं जुळवून सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये आडवी लावायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "दोन बोटं ऊन आहे. बसायला जागा बघू या." अण्णांना मी पहिल्यांदा हे करताना पाहिलं तेव्हा हा माणूस सूर्याला थांबायला सांगतोय की काय, असंच मला वाटलं. एका बोटाला साधारण पाव तास, असा हिशेब त्यांनी मला पुढे शिकवला. मला तो कधी जमला नाही. माझी बोटं जाड आहेत, त्यामुळे माझा सूर्य नेहमी लवकर मावळायचा.

सांगलीच्या विश्रामबागेत माझं झेरॉक्सचं आणि प्लॅन छापायचं दुकान आहे. बांधकामाचे मोठे नकाशे छापायचं मशीन आहे, त्यावर माझं घर चालतं. अण्णा माधवनगरचे, जैन, सुताचे व्यापारी. मागांची धडधड कमी होत गेली, राहिलेला धंदा मुलानं हातात घेतला आणि साठीच्या आसपास अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा मोकळा वेळ मिळाला. ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा पेन ड्राइव्ह दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेला होता. मी फाइल उघडली, वाकड्यातिकड्या रेषा बघितल्या आणि सवयीनं विचारलं, कुठला लेआउट, बिगरशेती झालाय का?

"नाही हो," ते म्हणाले, "ते डोंगर आहेत."

मग त्यांनी मला अर्धा तास उभं करून समजावलं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून एक नकाशा काढलाय, कुणीही त्यात भर घालावी आणि कुणीही तो फुकट न्यावा. अण्णा त्यातून आपल्या बाजूचा तुकडा उतरवून घ्यायचे, त्यावर उंचीच्या रेषा चढवायचे, काय दाखवायचं आणि काय लपवायचं ते ठरवायचे आणि तो मुठीत मावणाऱ्या जीपीएस यंत्रात भरायचे. हॉटेलं, पेट्रोल पंप, रिसॉर्ट सगळं गाळून टाकायचे. पायवाटा लाल, झरे निळे, उन्हाळ्यात आटणारे झरे फिके निळे. डोंगरात फोन चालत नाही तिथंही हा नकाशा चालायचा. कागदावर छापून मात्र त्यांना लागायचाच, कारण यंत्र बंद पडलं तर काय, ही व्यापाऱ्याची धास्ती त्यांच्या हाडात होती.

वाटांच्या बाबतीत त्यांचा एकच प्रश्न असायचा. "चाललात का? मग काढा." घरात बसून उपग्रहाच्या फोटोवरून वाटा काढणाऱ्या पोरांचा त्यांना राग यायचा, म्हणजे त्यांना जेवढा येऊ शकतो तेवढा. एकदा कुणीतरी पाटणच्या पुढच्या पठारावर अशीच एक छान ठळक वाट काढून ठेवली होती. अण्णा मला घेऊन ती तपासायला गेले. वाट खरोखर होती, रुंद होती, आणि तासभर चालवून तिनं आम्हाला एका डबक्यापाशी नेऊन सोडलं. डबक्यात म्हशी बसल्या होत्या. मी वैतागलो होतो. अण्णांनी खाली बसून यंत्रावर शांतपणे नाव टाकलं, म्हशींची वाट. आजही ती त्या नकाशात आहे.

मी त्यांच्याबरोबर कसा जायला लागलो याचं श्रेय माझ्या डॉक्टरांना. ते म्हणाले चाला, मी अण्णांना सांगितलं, आणि पुढच्या रविवारी पहाटे अण्णा दारात उभे. नंतर पाच-सहा वर्षं माझे बहुतेक रविवार त्यांनी नेले. मी कुरकुरत गेलो आणि प्रत्येक वेळी गेलो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. अण्णा दिवस मावळल्यावर जेवायचे नाहीत. तुम्ही आमच्या भागातले असाल तर यात नवल वाटणार नाही, इथल्या जैन घरांत ही रीतच आहे. रानात मात्र या रीतीची पंचाईत होते. कोयनानगरच्या अलीकडे एका वाडीत आम्ही मुक्काम केला होता, फौजेतून निवृत्त झालेल्या एका माणसाच्या घरी. अण्णांनी संगणकावरून सूर्यास्ताची वेळ काढून आणली होती. आम्ही ओढ्याकाठानं निवांत चालत आलो, अंगणात बसलो, डबा काढला, आणि वर बघतो तर सूर्य नाही. समोरच्या डोंगरानं तो घड्याळाच्या तासभर आधीच गिळला होता. अण्णांनी डब्याला लावलेला हात काढून घेतला.

फौजी हैराण झाला. "आवं अण्णा, त्यो मावळला न्हाई, डोंगराआड गेलाय नुस्ता. वर डोंगराच्या सड्यावर अजून लख्ख ऊन हाय बगा."

"मला दिसत नाही ना," अण्णा म्हणाले. "मग माझ्यापुरता मावळला."

फौजी मला बाजूला घेऊन विचारू लागला की म्हातारं रागावलं काय. मी म्हटलं, सूर्यावर रागावले असतील तर माहीत नाही. मी त्यांच्यासमोर दोन भाकऱ्या खाल्ल्या, त्या मला गोड लागल्या नाहीत असं म्हणणार होतो, पण लागल्या.

अण्णांना स्वतःच्या उपाशी राहण्याचं काहीच नव्हतं. त्यांची घालमेल वेगळीच होती. फोन उंच धरून ते अंगणभर फिरत होते आणि रेंज कुठंच नव्हती. ती कशासाठी, ते मला सकाळी कळलं. परतताना पाटणच्या अलीकडे रेंज आली आणि त्यांनी गाडी थांबवायला लावून घरी फोन केला. पलीकडून काकू, म्हणजे अण्णांची बायको, काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णा म्हणाले, अगं मग तू जेवायचं होतंस की. मग गाडी थेट माधवनगरला घ्यायला सांगितली.

माधवनगरला काकूंनी आम्हाला पोहे दिले आणि स्वतःची बशी घेऊन त्याही बसल्या. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. मी विचारलं की तुमचा उपास असतो का. त्या हसल्या. व्रत वगैरे काही नव्हतं. अण्णा तरुणपणी सुतासाठी गावोगाव फिरायचे तेव्हापासूनची ही सवय. ते जेवायला बसल्याचं कळलं की यांनी बसायचं. कळलं नाही आणि दिवस मावळला, तर तो दिवस तसाच.

"यांनी खाल्लं का नाही ते माहीत नसलं की घासच उतरत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला मी काय करू, सांगा."

अण्णांनी त्यांना आयुष्यभर समजावलं होतं, रागावून पाहिलं होतं, मुलाकरवी सांगून पाहिलं होतं. बायको ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी नकाशा बदलायला घेतला.

पुढचे कित्येक महिने ते त्याच कामात होते. डोंगरांच्या उंचीवरून कुठल्या उतारावर ऊन शेवटपर्यंत राहतं हे त्यांनी संगणकाकडून काढून घेतलं, मग प्रत्येक जागी जाऊन बोटं लावून तपासलं. हिवाळ्यात जिथं ऊन राहतं तिथं मे महिन्यात राहीलच असं नाही, म्हणून दोनदा गेले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन खिशात ठेवून रेंज बघितली. जवळ पाणी हवं, कारण जैन रीतीप्रमाणे ते जेवणाआधी ताजं गाळून घ्यायचं. ऊन, पाणी आणि रेंज ही तिन्ही जिथं एकत्र सापडतील तिथं त्यांनी छोटंसं केशरी ताट काढलं. साताऱ्याच्या डोंगरांत अशी पुष्कळ ताटं झाली. ही ताटं त्यांनी फक्त आपल्या नकाशात ठेवली, त्या जगाच्या नकाशात घातली नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, ते सगळ्यांचं आहे, त्यात माझ्या घरचं कशाला.

त्यांची फाइल मागेल त्याला मिळायची. ट्रेकिंगची पोरं माझ्या दुकानातून ती भरून न्यायची आणि ताटं म्हणजे सूर्यास्ताचे फोटो काढायच्या जागा, असं त्यांचं ठाम मत होतं. फोटो चांगले यायचे, त्यामुळे मी कधी दुरुस्त केलं नाही.

ताटावर पोचलं की अण्णा बोटं लावायचे, पाणी गाळायचे आणि फोन करायचे. तो फोन मी इतक्यांदा ऐकला आहे. "बसतोय गं." एवढंच. पलीकडून काकू म्हणायच्या, "बसा." मग इकडे अण्णांचा डबा उघडायचा आणि तिकडे माधवनगरच्या स्वयंपाकघरात काकू ताट वाढून घ्यायच्या. मी मध्ये बसून दशमी चावत असायचो आणि मला उगाचच दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एका दिवाळीनंतर काकू आजारी पडल्या आणि संक्रांत त्यांनी पाहिली नाही.

दोन-तीन महिने अण्णा दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून दिला आणि म्हणाले, नवीन नकाशा केलाय, जुना काढून हा ठेवा. मी उघडून बघितला. वाटा होत्या, झरे होते, म्हशींची वाटही होती. ताट एकही नव्हतं. मला वाटलं त्यांच्या हातून चुकून एखादा थर राहून गेला, म्हणून मी सांगितलं की ताटं आली नाहीत.

"काढून टाकली," अण्णा म्हणाले. "आता कुठंही जेवता येतं."

मी मशीनकडे वळलो आणि कागद सरळ करत राहिलो. कागद सरळच होता.

त्यानंतर आम्ही एकदाच गेलो. पुढच्या पावसाळ्यात अण्णाही गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. माझे रविवार आता रिकामे आहेत. डॉक्टर अजून चाला म्हणतात, आणि मी विश्रामबागेतल्या विश्रामबागेत चालतो. पाठीमागून कुणीतरी, चाललात का, असं विचारेल असं वाटत राहतं. कुणी विचारत नाही. त्या माणसाची मला फार आठवण येते.

ती शेवटची खेप फौजीच्या त्याच वाडीच्या वरच्या पठारावरची. यंत्र त्यांनी पिशवीतून काढलंच नाही. गुडघे दुखत होते, तरी चढून ते बरोबर डोंगराच्या त्या सोंडेवर आले जिथं ऊन सगळ्यात शेवटी जातं. खाली वाडी सावलीत गेली होती, आमच्या अंगावर ऊन होतं. अण्णांनी पाणी गाळलं. डबा समोर ठेवला. मग त्यांचा हात खिशाकडे गेला, फोन बाहेर आला आणि ते नुसतेच त्याच्याकडे बघत बसले. फोनला पूर्ण रेंज होती.

थोड्या वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही लावा की घरी."

माझ्या घरी असली पद्धत कधीच नव्हती. दुकान बंद करून मी येईन तेव्हा झाकून ठेवलेलं जेवायचं, बायको तोवर जेवून मालिका बघत असायची, आणि त्यात आमचं दोघांचंही छान चाललं होतं. तरी मी फोन लावला. तिनं घाबरून विचारलं की काय झालं, कुठं पडलात का. मी म्हटलं, काही झालं नाही, जेवायला बसतोय. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं सांगायला मी तिला कधी फोन केला नव्हता. मग ती जरा हळू म्हणाली, बरं, मग मीपण बसते.

मी फोन ठेवला. ऊन अजून अंगावर होतं.

"काय म्हणाल्या?" अण्णांनी विचारलं.

"बसते म्हणाली."

अण्णांनी मान हलवली आणि डब्याचं झाकण काढलं.