सगळ्यांचा एकच पासवर्ड

लातूरला क्लासच्या गल्लीत एक नेटकॅफे होतं. एका खोलीवर राहणाऱ्या आम्ही चौघींनी मेडिकल प्रवेशाचे फॉर्म तिथंच भरले. मोबाइल नंबर विचारला तेव्हा हदगावहून आलेले माझे अप्पा म्हणाले, "भाऊ, तुमचाच टाका. आमच्या वावरात रेंज न्हाई." कॅफेवाल्याला याची सवय होती. गल्लीतल्या कितीतरी पोरापोरींचे ओटीपी त्याच्याच फोनवर यायचे आणि तो ते मोंढ्यात भाव पुकारावा तसे पुकारायचा. पासवर्डही त्यानंच ठरवलेला: लातूर, पुढं एक-दोन-तीन. सगळ्यांना तोच. विसरायची भानगडच नाही, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

माझी पहिली पसंती नांदेड. आजोबांनी बजावलं होतं, नांदेड लागलं तर शिकायचं, नाहीतर सोयरीक. मार्क पुरेसे होते, म्हणून मी निर्धास्त होते.

यादी लागली आणि माझ्या नावापुढं विदर्भाच्या पार टोकाचं कॉलेज. मी तीनदा वाचलं. फॉर्म उघडला तर पसंतीतून नांदेड गायब! शेवटच्या दिवशी कुणीतरी आत शिरून ते काढून टाकलं होतं. आजोबा शब्दाचे पक्के, दिवाळीनंतर माझं लग्न झालं.

पण यादी लागली त्या दिवशी अप्पा लातूरला आले आणि त्यांनी कॅफेवाल्याची कॉलर धरली. तो रडकुंडीला आला. "काका, म्या न्हाई केलं. पासवर्ड सगळ्या पोरींना ठावं हाय. ओटीपी तर तुमच्यासमोरच वरडून सांगतो. कोणाकोणाला धरू?"

अप्पा तसेच आमच्या खोलीवर आले. चौघींतल्या एकीला नांदेड लागलं होतं, मार्क माझ्यापेक्षा थोडे कमी. माझा संशय तिच्यावरच होता. पण मला बोलता येईना. आठच दिवसांपूर्वी मी तिचा फॉर्म उघडला होता. ओटीपी पुकारला गेला, मी टाकला. तिचं नांदेड दिसलं आणि माझा हात ते काढून टाकायच्या बटणावर गेला होता. तेवढ्यात कुणीतरी आत आलं, म्हणून मी बंद केलं. त्या हाताची मला आजही भीती वाटते.

"माय, तू उघडला व्हता का कोणाचा?" अप्पांनी आधी मलाच विचारलं.

"न्हाई, अप्पा."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला आणि ते तिच्याकडे वळले.