राबावरचा सोनचाफा

आमच्या खर्डीच्या बाजूला भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या फांद्या, वर गवत नि माती, मग आग. याला राब म्हणतात. राबासाठी कोणत्या झाडावर कोयता चालवायचा, ते घरातला पुरुष ठरवतो. बाईला कोण विचारतंय!

मी मुरबाडची. माहेरच्या सोनचाफ्याचं बी आणून मी सासरच्या अंगणात लावलं. बियांचा चाफा फुलायला वर्षानुवर्षं घेतो, हे मला ठाऊक होतं. सासऱ्यांना तेवढा धीर नव्हता. थंडी सरली की झाडाखाली उभे राहायचे.

"फूल नाय, काय नाय. नुसता पाला. राबाला तरी येल."

"बाबा, बांधावर ऐनाची झाडं उभी आहेत की. माझ्या चाफ्यावर डोळा कशाला?"

शेत त्यांचं, घर त्यांचं, चूलसुद्धा सासूबाईंनी मांडलेली. माझं म्हणावं असं त्या अंगणात ते एकच झाड होतं.

एका वर्षी भाचीच्या लग्नाला मुरबाडला गेले. परत येऊन बघते तर चाफ्याचा नुसता खांब उरलेला. ऐनाला ठेवतात तसा शेंड्याला पानांचा झुपका तेवढा ठेवलेला, आणि फांद्या शेतात, राबावर रचलेल्या. माझं डोकंच फिरलं. रचलेला राब मोडू नये, पीक रुसतं म्हणतात. रुसू दे म्हटलं. लग्नातल्या साडीनिशी शेतात उतरले आणि चाफ्याची फांदी न फांदी उपसून बांधावर फेकली. आळीतल्या बाया कामं टाकून बघत राहिल्या.

"राब मोडलास गो! आता रोप करपंल आमचं!" सासरे ओरडले.

"करपलं तर मला बोला. पण यापुढे चाफ्याला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे."

मग रानातून टोपल्या भरभरून पाचोळा आणला आणि मोडलेला राब माझ्या हातांनी पुन्हा रचला. उद्या कुणी बोट दाखवायला नको. रोप उगवलं, भातही नेहमीसारखंच झालं.

चाफ्याला धुमारे फुटले आणि काही वर्षांनी तो फुललाही. आता सासरे सकाळी देवासाठी फुलं मागतात, मीही देते. पण आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "फुलला म्हनून वाचला." ते मी चालू देत नाही. चारचौघांत तोंडावर सांगते, मी तोडू दिला नाही म्हणून वाचला. आणि जन्मात एक फूल आलं नसतं, तरी तोडू दिला नसता.