कडीवालं नाणं

निवृत्त झाल्यापासून आमचे हे धातू शोधायचं यंत्र घेऊन समुद्रकिनारी फिरतात आणि बाटल्यांची बुचं घेऊन घरी येतात. परवा मीही सोबत गेले. सुरूच्या झाडाखाली यंत्र कुंईकुंई करायला लागलं, म्हणून वाळू उकरली तर हातात जुनं परदेशी नाणं आलं. तांब्याचं, त्यावर दाढीवाला राजा आणि वरच्या कडेला डाख देऊन बसवलेली छोटी कडी.

"कडीनं वाट लावली," हे हळहळले. "पकडीनं काढून टाकतो, मग संग्रहात शोभेल."

"हात तर लावून बघा," म्हणत मी नाणं मुठीत धरलं.

अहो, माझ्या आईच्या माळेतल्या प्रत्येक सोन्याच्या पुतळीला अश्शीच कडी होती. म्हणजे इथलीच कुणी बाई ह्या राजाला काळ्या दोऱ्यात ओवून मिरवत असणार. तिकडे त्याच्यापुढे माना झुकत असतील, इथे तो तिच्याबरोबर चुलीपुढे वाकला, विहिरीवर डुलला. मला तर किनाऱ्यावरच हसू फुटलं.

घरी येऊन नाणं चिंचेनं घासलं, काळ्या दोऱ्यात ओवलं आणि गळ्यात घातलं. हे उठून जवळ आले. मग म्हणाले, "पाठ कर इकडे, गाठ सैल बसलीय."