उशीच्या अभ्र्यातल्या चिप्स

आमच्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या मामेसासूंएवढी हट्टी बाई दुसरी झाली नसेल, आणि झाली असलीच तरी तिनं आपला हट्ट बटाट्यावर काढला नसेल. मी लग्न होऊन धाड गावी आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मामींची चव नुकतीच गेली होती. मुदतीचा ताप आला, एकवीस दिवसांनी उतरला आणि उतरताना जिभेची चव नि नाकाचा वास, दोन्ही घेऊन गेला. गूळ खा की मीठ खा, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल. दुसरी बाई असती तर रडली असती, नवस बोलली असती. मामी म्हणाल्या, "जीभ माह्या तोंडातच हाय ना? मंग चव जाऊन जाऊन जाईन कुठं? मी आणते तिले धरून."

धरून आणायला त्यांनी बटाट्याची चिप्स निवडली. मी विचारलं, मामी, चिप्सच का? तर म्हणाल्या, "बाकीचं खाताना काईच समजत नाही, सूनबाई. हे निदान कानाले तरी समजते." मग काय, दर उन्हाळ्यात बाजारातून पोतंभर बटाटे यायचे. सोलायचे, किसणीवर चकत्या पाडायच्या, उकळत्या पाण्यातून काढून घराच्या धाब्यावर लुगडं अंथरून वाळत घालायच्या, इथपर्यंत तुमच्याआमच्यासारखंच. पण मामींचं पाणी दर खेपेला निराळं. एका पातेल्यात अंबाडीची फुलं, एकात कवठाचा गर, एकात ठेचलेला लसूण, एकात सुंठ नि ओवा, एकात कडुनिंबाचा मोहर. एका वर्षी त्यांनी दुकानातून लिमलेटच्या गोळ्या आणून विरघळवल्या. आणि वाळल्यावर हे सगळे प्रकार एकाच उशीच्या अभ्र्यात भरून, तोंड बांधून, गदागदा हलवायच्या. वेगवेगळं ठेवलं तर काय खातोय ते मनाला आधीच कळतं, आणि मनाला कळलं की जीभ खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. तळल्यावर सगळ्या सारख्याच तांबूस. रोज संध्याकाळी मूठभर तळायच्या आणि डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारख्या एकेक चावायच्या.

दुसऱ्याला दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. समोर बसून खाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, कारण चव आता त्यांना तिथूनच कळायची. डोळा बारीक झाला की आंबट, कान लाल झाले की लसूण. एकदा तलाठी भाऊसाहेब चहाला आले आणि त्यांच्या वाट्याला नेमकी लिमलेटची आली. ते बराच वेळ ती न चावता तोंडात धरून बसले. मामी मला हळूच म्हणाल्या, "असं तोंड मी आजवर पाह्यलं नोतं वो. कोणती असंन?" भाऊसाहेब गेल्यावर मामाजी, म्हणजे मामींचे यजमान, म्हणाले, "अवं, माणसं येनं बंद होईन आपल्या घरी." मामी म्हणाल्या, "चव आली म्हंजे बोलावू परत."

उपासासाठी साध्या मिठाच्या चिप्स त्या वेगळ्या अभ्र्यात ठेवायच्या. पण दोन्ही अभ्रे एकाच फुलाफुलाच्या कापडाचे. श्रावणातल्या एका सोमवारी गल्लीतल्या अकरा बायकांच्या घरी मामींनी तळलेल्या चिप्सचा वानोळा पाठवला, आणि अर्ध्या तासात अकराही जणी ओट्यावर हजर. उपासाच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडाला लसूण लागला होता. मामींनी स्वतः ओंजळभर खाल्ल्या होत्या, त्यांना पत्ताच नाही.

"आता काय करावं वो आम्ही?" एकीनं विचारलं.

"तुम्ही जेवा पोटभर," मामी म्हणाल्या. "माह्या हातानं मोडला, तुमचा उपास मी धरते." आणि धरला. अकरा जणींचे अकरा आणि स्वतःचा एक, असे बारा सोमवार. श्रावण संपून दिवाळी गेली तरी बाईचे सोमवार चालूच.

पण त्या वानोळ्याच्या सोमवारी मामाजी पहिल्यांदा चिडले. "चार वर्षं झाली. गेली ते गेली. फेकून दे तो अभ्रा." मामींनी अभ्र्याची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "हा एक सरू द्या. मंग तुम्ही म्हनान तसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला अख्खा अभ्रा तळला आणि परात आम्हा दोघींच्या मधे ठेवली. "तू बी खा. मी तुह्या तोंडाकडं पाहीन." मी खात गेले. आंबट, तिखट, आंबट, गोड. मामी माझं तोंड वाचत, मग परातीतली एक उचलून स्वतः चावत, आणि मान हलवत. परातीचा तळ दिसायला लागला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. परत आले तर मामी अर्धी चिप्स हातात धरून बसलेल्या.

"सूनबाई, हे कडू हाय का वो?"

मी तर आत होते. माझं तोंड त्यांना दिसलंच नव्हतं. मी ती अर्धी चिप्स घेऊन चाखली. कडुनिंबाच्या मोहराच्या पाण्यातली होती. इतकी कडू की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कडूचंच आहे असं मी मामींना सांगितलं.

"हाव मामी. कडूच हाय."

त्यांनी ती माझ्या हातातून परत घेतली आणि पेढा खावा तशी सावकाश संपवली.

पुढच्या उन्हाळ्यात पोतंभर बटाट्यांच्या एकजात कडू चिप्स झाल्या. गल्लीत वानोळा फिरला, आणि त्या अकराही जणींनी तो तोंड वाकडं न करता खाल्ला. मामाजींनी तर पुन्हा मागून घेतला. त्यानंतर मामी बरीच वर्षं जगल्या. बाकीच्या चवी आल्या की नाही, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. भेटले की विचारायची मी, मामी, गोड आलं का? आंबट? त्या अभ्र्याची गाठ सोडता सोडता, वर न बघता म्हणायच्या, "येऊन राह्यलं, माय. येऊन राह्यलं."